भंडारींच्या गिरणीतली कॉफी

शनिवार आला की तबिथाच्या हाताला घाई सुटायची. भाकरी एका अंगानं जाड, कडा कच्च्या, आमटीची फोडणी जळकी. मी म्हणायची, “अगं, पीठ मळतेस का कुणाचं तोंड रगडतेस?” तर नुसती हसायची आणि परातीतच हात धुऊन उठायची. मग केस विंचरायचे, ठेवणीतला ड्रेस घालायचा, पाठीला ते गिटारचं डबडं अडकवायचं आणि निघाली. कुठं? तर सावेडीला, एका कॉफीच्या हॉटेलात गाणी म्हणायला. सिनेमाची असती तर एक वेळ मी समजले असते. प्रभूची गाणी! आणि तीही पुस्तकातली नाहीत, स्वतः केलेली. तिथं लोक कॉफी पिणार, मोबाइलवर बोटं फिरवणार, आणि आमची उमापांची सून, नवरा गेलेली बाई, त्यांच्यापुढं देवाचं नाव घेणार.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. पण त्या जळक्या फोडणीचा वास आजही आला की मला शनिवार वाटतो.

मी चौथी शिकलेली. मला फारसं कळत नाही असं लोकांना वाटतं, आणि मी ते वाटू देते. पण घराची रीत मला कळते. गाणं आमच्या घराला नवं नव्हतं. माझा जयवंत गाणी करायचा. स्वयंपाकघरात येऊन पिठाच्या डब्यावर ठेका धरायचा, मी ओरडायची, “डब्याला पोचे पाडशील,” तर तेच शब्द चालीत घालून मला चिडवायचा. त्याची गाणी आमच्या मंडळीत, नगरच्या चर्चमध्ये, आजही म्हणतात. आणि माझं आमेन त्या मंडळीत त्याच्या गाण्याइतकंच प्रसिद्ध. कुणाची प्रार्थना संपली की पहिलं आमेन माझं. जयवंत म्हणायचा, “आई, तू आमेन म्हटलंस की कंपाउंडातली कुत्री उठून उभी राहतात.”

त्याला कावीळ झाली. ती चढत गेली आणि तो गेला. त्याचे वडील आधीच गेलेले. मूलबाळ झालं नव्हतं. घरात उरलो आम्ही दोघी. सगळे म्हणाले, सोलापूरला भाऊ आहे तिचा, जाईल. ती गेली नाही. बालवाडीत शिकवायची, रविवारी शब्बाथशाळेत मुलांची गाणी बसवायची, आणि माझं ऐकून घ्यायची. ऐकून घेणारं माणूस घरात असणं म्हणजे काय, ते ज्याच्याकडं नाही त्यालाच कळतं.

आणि मग हे कॉफीचं खूळ निघालं.

नाताळ जवळ आला होता. एका दुपारी आमचे पाळकसाहेब आले. मागं शेजारची एस्तेरबाई. कुणाच्या घरी काय शिजतंय ते या बाईला झाकण न उचलता कळायचं.

“सलाम, दीनाबाई,” पाळकसाहेब म्हणाले.

“सलाम. बसा. एस्तेर, तूही बस. तूच आणलंस ना त्यांना?”

“मी कशाला आणू? मी आपली सहज आले.”

तबिथा चहा ठेवून दाराशी उभी राहिली. पाळकसाहेबांनी चहा ढवळला. साखर कधीच विरघळली होती, तरी ढवळत राहिले.

“बाई, मुलांची गाणी दरवर्षी तबिथाबाईच बसवतात. त्यात काही वाद नाही. पण मंडळीच्या पंचांचं म्हणणं पडलं, की हॉटेलात गाणाऱ्यानं मुलांपुढं उभं राहावं का?”

“हे पंचांचं झालं. तुमचं काय?”

“मी मध्ये आहे, बाई.”

“मध्ये चाळणी असते, साहेब. तुमच्यात वर काय राहिलं आणि खाली काय पडलं, तेवढं सांगा.”

ते ओशाळं हसले. एस्तेरबाईला राहवेना. “तिथं म्हणे पोरी खुर्चीवर पाय वर घेऊन बसतात. आणि गाणं झालं की टाळ्या! देवाच्या गाण्याला टाळ्या!”

“तू कधी गेली होतीस?”

“माझा भाचा सांगत होता.”

“मग भाचाच बसला असेल पाय वर घेऊन.”

असं मी बोलले खरं. घरातल्या माणसाला दाराबाहेरचं कुणी बोललं की माझी जीभ आपोआप त्या बाजूला जाते. पण मनातून पंचांचं म्हणणं मला पटत होतं, आणि ते तबिथाला ठाऊक होतं.

निघताना पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. घरासाठी, सुनेसाठी, पंचांना शहाणपण मिळावं म्हणून. “येशूच्या नावानं मागतो,” ते म्हणाले. एस्तेरबाईनं आमेन म्हटलं. दाराशी उभ्या तबिथानं म्हटलं. मी डोक्यावरचा पदर सारखा केला.

ते गेल्यावर मी कप उचलता उचलता म्हटलं, “ऐकलंस ना? या शनिवारपासून बंद.”

“आई, मुलांची गाणी काढून घेतली तर घेऊ देत,” तबिथा म्हणाली. “पण हे बंद करा म्हणू नका. बंद करायचं असेल तर मला इथं राहता येणार नाही. दादा सोलापूरला बोलावतोच आहे.”

धमकी असती तर मी उत्तर दिलं असतं. पण बाजारातून कोथिंबीर आणली नाही, हे सांगावं तशा आवाजात तिनं ते सांगितलं. मी हातातल्या कपबश्या खाली ठेवल्या.

“असं काय आहे त्या हॉटेलात, जे देवळात नाही?”

“तिथं कुणी माझं सांत्वन करत नाही, आई.”

मला ते उर्मट वाटलं. सांत्वन नको? माणसं उन्हातान्हाची घरी आली, सतरंज्या घालून बसली, गाणी म्हणाली, धीर दिला, ते नको? पण सोलापूर हा शब्द घरात पडला होता. त्याला ओलांडून जाता येईना.

“मी येते शनिवारी,” मी म्हटलं. “आधी डोळ्यांनी बघते. मग काय ते सांगेन. सांगेन ते ऐकशील?”

तिनं जरा विचार केला. “सगळी गाणी ऐकून मग सांगितलंत तर ऐकेन. मधून उठायचं नाही.”

“मी मधून उठत नसते. तुझ्या भावाच्या लग्नातलं तुमच्या सोलापूरच्या पाळकांचं प्रवचन मी शेवटपर्यंत ऐकलंय. त्यात दोन म्हातारे झोपले होते.”

ती हसली. पण शनिवारी सकाळी केर काढताना मी पाहिलं, तिची पत्र्याची पेटी कॉटखालून अर्धी बाहेर ओढलेली होती.

ती दुपारीच पुढं गेली. मी प्रभुभोजनाला नेसते ती पांढरी साडी नेसले आणि रिक्षानं निघाले. जाताना सगळं मनात रचून ठेवलं होतं. काय बोलायचं, कसं बोलायचं, चारचौघांत बोलायचं का घरी आल्यावर. रिक्षा थांबली आणि मी म्हटलं, “इथं कुठं आणलंस? ही तर भंडारींची गिरणी.”

“आता कॅफे आहे, आज्जी,” रिक्षावाला म्हणाला.

जयवंत लहान होता तेव्हा आम्ही सावेडीत भाड्यानं राहायचो. माझी ज्वारी, गहू, डाळ, सगळं या गिरणीत दळलेलं. मी पुष्कळ वर्षांत इकडं फिरकले नव्हते. तबिथानं हॉटेलचं नाव सांगितलं होतं, ते इंग्रजी. तिथं पूर्वी गिरणी होती, हे तिला तरी कुठून माहीत असणार?

आत पिवळा रंग दिलेला. जात्याच्या जागी टेबलं. गिरणीचं मोठं चाक भिंतीला टांगून त्याला निळा रंग फासला होता. गल्ल्यामागून एक तरणी बाई लगबगीनं आली.

“या आज्जी. तबिथाताईंच्या सासूबाई ना? मी पायल भंडारी. ताईंनी सांगितलंय, पुढची खुर्ची ठेवा म्हणून.”

“शेठची कोण तू?”

“नातसून.”

“तुझे आजेसासरे दळण उशिरा द्यायचे.”

“मी कॉफी लगेच देते,” ती म्हणाली. बरी होती.

मी वर पाहिलं. भिंती रंगवल्या होत्या, पण छताच्या वाशांच्या खाचा पांढऱ्याच होत्या.

“ते निघतच नाही हो आज्जी,” पायल म्हणाली. “कितीदा धुतलं.”

“निघणार नाही. त्यात माझीही ज्वारी आहे.”

तिनं विचारलं, कुठली कॉफी घेणार. म्हटलं, कॉफीत जाती असतात हे मला माहीत नव्हतं, साखर घातलेली आण. आली ती फेसावर पिंपळपान काढलेली. मी चमच्यानं ढवळून ते पान मोडलं आणि घोट घेतला. काढा बरा. आजूबाजूला कॉलेजची पोरं-पोरी. एस्तेरच्या भाच्यानं सांगितलेलं खरं होतं, एक पोरगी पाय वर घेऊन बसली होती. माझ्याकडं लक्ष जाताच तिनं पाय खाली घेतले.

जयवंतला मी दळणाला पाठवायची. तो डबा ठेवून कोपऱ्यात उभा राहायचा आणि गिरणी सुरू झाली की मोठमोठ्यानं गायचा. इतका आवाज की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये, म्हणून त्याला वाटायचं आपलंही कुणाला ऐकू जात नाही. एकदा मी मागून दुसरा डबा घेऊन आले आणि दारात थांबले. आवाज ऐकू येत नव्हताच. पण त्याचा गळा ताणलेला दिसत होता, पापण्यांवर पीठ बसलं होतं, आणि चेहरा असा, की मी आत गेले नाही. दळण होईपर्यंत दारातच उभी राहिले.

आता त्याच कोपऱ्यात एक उंच स्टूल ठेवलं होतं आणि त्यावर तबिथा गिटारचे कान पिळत बसली होती.

मी तिथं का गेले होते, ते आता सांगते. बंद करायचं होतंच. पण बंद करायच्या आधी एकदा ऐकायचं होतं. मंडळीत जयवंतची गाणी म्हणतात, पण चढाला लागलेल्या बैलगाडीसारखी. त्यात तो सापडत नाही. घरी तबिथानं तो गेल्यापासून त्याचं एक कडवं तोंडातून काढलं नव्हतं. मला वाटत होतं, ती सगळी इथं येऊन म्हणत असणार. माझ्यापासून चोरून, या परक्यांना देत असणार. राग होता तो या चोरीचा. त्याची चाल, त्याचा तो मध्येच घेतलेला श्वास, एकदा तरी कानावर पडावा. मग काय ती बंदी घालू.

तिनं पहिलं गाणं सुरू केलं. ते त्याचं नव्हतं. रात्रभर जाळं टाकून हाती काही न लागलेले शिष्य काठाला येतात, तर प्रभू विस्तव करून मासे भाजत बसलेला, आणि कुणालाही कुठं होतास असं विचारत नाही, फक्त जेवा म्हणतो. बरं होतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुसरं बालवाडीतल्या एका मुलीवर, ती देवाचं चित्र काढते आणि त्याला चष्मा लावते. पोरं हसली. मीही हसले असते, पण मी वाट बघत होते. तिसरं. तेही त्याचं नव्हतं. प्रत्येक गाण्याच्या आधी गिटारची तार वाजली की माझा जीव गोळा व्हायचा, आणि शब्द आले की सांडायचा.

मी पदर खांद्यावरून घेतला. माझ्या पोराचं एकही नाही. त्याच्या स्वतःच्या गिरणीत नाही. उठावंसं वाटलं, पण शब्द दिला होता.

मघाच्या त्या पाय खाली घेतलेल्या पोरीनं माझ्याकडं वाकून सांगितलं, “आज्जी, आता त्यांचं शेवटचं. आम्ही त्याच्यासाठीच येतो.” आणि तिनं मोबाइल टेबलावर पालथा घातला. बाकीच्यांनीही घातले. पायलनं ते फुसफुसणारं कॉफीचं यंत्र बंद केलं.

तबिथानं माझ्याकडं पाहिलं नाही.

*तुझ्या दारी आम्ही सारे ठोठावत बसलो,*
*हातांची सालं गेली, तू होतास का घरी?*
*तेलाची वाटी सरली, गुडघ्यांना घट्टे पडले,*
*दार उघडलंस खरं, पण त्याला आत घेऊन लावून घेतलंस.*

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. आमच्या मंडळीत असं गाणं नसतं. आमच्याकडं देवाला विचारत नाहीत, देवाचे आभार मानतात. ही विचारत होती. ओरडत नव्हती, रडतही नव्हती. घरातल्या वडीलमाणसाला जेवताना विचारावं तसं विचारत होती.

*आई रोज तीन ताटं काढते,*
*एक पदरानं पुसून मागं ठेवते.*
*वरून तुला ते दिसतं का?*
*दिसत असेल तर सांग, त्या ताटाचं मी काय करू?*

मला वाटायचं, मी ताट मागं ठेवते तेव्हा तिचं तोंड चुलीकडं असतं.

*मी ऐकायला बसले आहे, आता तू बोल,*
*इथंच बसले आहे, तुझ्याच नावानं मागते.*

“आमेन!”

सगळं कॉफीचं हॉटेल माझ्याकडं वळलं. तेव्हा मला कळलं की ते मी म्हटलं.

हळू नव्हे. पूर्वी म्हणायची तसं. वरच्या वाशातलं पीठ पडावं असं.

मग ती बाजूची पोरगी, कुठल्या घरची कोण जाणे, कपाळाला टिकली लावलेली, हलकेच म्हणाली, “आमेन.” तिला वाटलं असणार, हे गाणं असंच संपवायचं असतं. तिच्यामागं दुसऱ्या टेबलावरचे म्हणाले, मग मागचे, आणि गल्ल्याआडून पायल भंडारी. टाळी एकानंही वाजवली नाही.

माझी सासू म्हणायची, आमेन म्हणजे अंगठा. दुसऱ्यानं केलेल्या प्रार्थनेवर आपला अंगठा. न समजता लावू नये, आणि लावला तर मागं घेऊ नये. जयवंत आजारी होता तेव्हा मंडळी रोज संध्याकाळी घरी यायची. त्याच्या कपाळाला तेल लावायचे, बरं कर म्हणून मागायचे, आणि प्रत्येक प्रार्थनेवर मी अंगठा लावला. आवाज बसला तरी लावला. मग त्याच्या मातीच्या कडेला उभं राहून पाळकसाहेब म्हणाले, प्रभू, तुझी इच्छा झाली, ती आम्ही मान्य करतो. सगळ्या मंडळीनं आमेन म्हटलं. माझं तोंड उघडलं नाही. त्या दिवसापासून उघडलंच नाही. लोकांना कळू नये म्हणून मी ओठ हलवायची, नाहीतर पदर सारखा करायची. तो शब्द गेला आणि त्याच्यामागून देवही जरा लांब जाऊन बसला. घरात भांडून अंगणात जाऊन बसणाऱ्या माणसासारखा. मला जयवंतची आठवण यायची, तशी त्याचीही यायची. पण कुणाला सांगणार? दीनाबाई उमापला देवाची आठवण येते, असं सांगितलं असतं तर एस्तेरबाईनं गावभर केलं असतं.

आता कुणीतरी असं काही मागितलं होतं, ज्यावर मला अंगठा लावता आला.

आम्ही बाहेर येऊन रिक्षासाठी उभ्या राहिलो. पायलनं कॉफी कशी होती विचारलं, मी तिला सांगितलं, “तुझ्या आजेसासऱ्यांचं पीठ बरं होतं.” ती हसत आत गेली. तबिथा गिटारचा पट्टा दोन्ही हातांनी आवळून उभी होती.

“आई.”

“काय?”

“तुम्ही आमेन म्हणालात.”

“कॉफी कडू होती. घसा साफ केला.”

तिला सगळं माहीत होतं. ओठ हलवलेले, पदर सारखा केलेला, सगळं. इतके दिवस माझ्या शेजारी बसून तिनं एका शब्दानं विचारलं नव्हतं.

मीच विचारलं, “त्याची का म्हणत नाहीस?”

“ती त्यांच्या गळ्यातली आहेत, आई. मी म्हटली की ते नाहीत एवढंच ऐकू येतं.” मग ती म्हणाली, “तुम्हाला ती ऐकायची होती ना?”

“ते राहू दे.”

एक रिक्षा आली, भरलेली होती, गेली. तबिथानं श्वास घेतला. “मग सांगा आता काय सांगायचं ते. मी ऐकेन म्हणाले होते.”

येताना रचून आणलेलं सगळं बोलणं मी शोधलं. एक शब्द जागेवर नव्हता. म्हणून जे तोंडाला आलं तेच सांगितलं.

“ऐक तर. पंच आले की दारात मी बसणार, त्यांना काय ते मी बघते. ती पेटी आत सरकव, केर काढताना पायात येते. शनिवारची भाकरी यापुढं मी करेन, तुझी कच्ची खाऊन माझं पोट दुखतं. आणि ते शेवटचं गाणं. भांडण तुझं बरोबर आहे. पण भराभर भांडतेस. ज्याच्याशी भांडायचं, त्याला तोंड उघडायला वेळ द्यावा, पोरी. सावकाश म्हण. आणि संपल्यावर लगेच गिटार खाली ठेवू नकोस. तिथं माझ्या आमेनला जागा ठेव.”